वाघडोह

"मधी बसा साहेब," हैबती म्हणाला. "कडंला सरकलात तर दोगंबी पान्यात."

मी मधे सरकलो. होडी इतकी अरुंद होती की दोन्ही हात पसरले असते तर दोन्हीकडचं पाणी बोटांना लागलं असतं. माझ्या मांडीवर पत्र्याची पेटी होती. पेटीत छापील तक्ते, दोन पेनं, अंगठ्याच्या शाईचा डबा आणि वाटेत वाचायला घेतलेलं एक पुस्तक. हैबतीनं मागच्या टोकाला बसून वल्हं मारलं आणि केगावचा घाट मागे पडला. सकाळचे सव्वासात झाले होते. मी वहीत तशी नोंद केली. नोंदी करायची मला सवयच होती. माणसांकडे बघून बोलण्यापेक्षा ते सोपं जायचं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष. खाली धरणाची भिंत चढत होती. पाणी साठलं की भीमेतले सगळे डोह एकाच पाण्याखाली जाणार होते. एकेका भोई कुटुंबाची एकेका डोहावर पिढ्यांची वहिवाट होती. त्यात दुसरा कुणी जाळं टाकत नसे. पण हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. म्हणून ऑफिसनं ठरवलं, की केगावपासून राजुरीपर्यंतच्या डोहांची यादी करायची आणि ज्यांचं नाव यादीत येईल त्यांनाच पुढे जलाशयात मासेमारीचा परवाना द्यायचा. बाकीच्यांनी दुसरं काहीतरी बघायचं. शितोळे साहेबांनी ते काम मला दिलं. मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि एकट्यावर सोपवलेलं ते माझं पहिलंच काम होतं. साहेब म्हणाले होते, "मिरीकर, तुम्ही फक्त ऐकायचं आणि लिहायचं. बोलावं लागणार नाही." ते थट्टेनं म्हणाले, पण मला खरोखरच हायसं वाटलं होतं.

माहिती देणारा म्हणून हैबती रावजी मल्लाव याची निवड झाली होती. साठीचा माणूस, काटक, डोक्याला मळकं मुंडासं. एवढी नदी सलग माहीत असलेला तोच एक उरला होता असं सगळे म्हणत. तो डोहाचं नाव सांगे, वरची आणि खालची हद्द दाखवी, वहिवाटदाराचं नाव सांगे. मी कच्च्या वहीत लिहून घेई. कुणाचीच वहिवाट नसलेला डोह यादीत घ्यायचा नव्हता. संध्याकाळी राजुरीच्या घाटावर जीप येणार होती. तिथे मी पक्की यादी करायची, ती हैबतीला वाचून दाखवायची आणि त्याचा अंगठा घ्यायचा, असा हुकूम होता.

काठ सोडून जरा पुढे गेल्यावर दोन्हीकडे नुसता माळ. पिवळं पडत चाललेलं गवत, मधूनच ज्वारीचा काळा पट्टा, एखादी बाभूळ. आभाळ इतकं मोठं होतं की होडी हलतच नाहीये असं वाटे. खडकाळ जागी पाणी खळखळत उतरायचं, तिथे हैबती वल्ह्यानं खडक चुकवत होडी झरकन खाली काढायचा. मी पेटी घट्ट धरून बसायचो. मग डोह लागायचा आणि सगळं एकदम शांत व्हायचं.

आणि डोहात शिरलं की हैबती वल्हं उचलून मांडीवर आडवं ठेवायचा.

होडी आपोआप जाई, म्हणजे जवळजवळ जातच नसे. पहिल्या डोहाला अठ्ठावीस मिनिटं लागली. दुसऱ्याला पस्तीस. मला वाटलं, वय झालंय, दमत असेल. मी पुस्तक काढलं, पण लक्ष लागेना. तिसऱ्या डोहात मनातल्या मनात हिशेब केला. या गतीनं राजुरीला पोचायला रात्र झाली असती. मी कुणाला काही सांगणारा माणूस नाही. म्हणून न बोलता तळाशी ठेवलेलं दुसरं वल्हं उचललं आणि पाण्यात घातलं.

हैबती वाकला आणि माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

"वर घ्या साहेब."

मी वर घेतलं. माझे कान तापले. डोह संपून धार लागल्यावर तो वल्हं मारता मारता बोलला. दुसऱ्याच्या डोहात वल्हं घालायचं नाही. मासा बुजतो हे तर आहेच, पण मासा नसला तरी घालायचं नाही. धार नेईल तसं जायचं. त्याच्या बापानं शिकवलं होतं, बापाला त्याच्या बापानं.

"दुसऱ्याच्या घरातनं वाट असली," तो म्हणाला, "तर मानूस पाय वाजवत जात न्हाई."

मी विचारलं, की मग ज्या डोहाला कुणी धनी नाही तिथे? तो म्हणाला, तिथं कुणाची लाज बाळगायची, तिथं हवं तेवढं वल्हं मारा. आणि पाचवा डोह आला तेव्हा ते त्यानं करून दाखवलं. म्हसोबाचा डोह, तिथल्या घराण्यात कुणी उरलं नव्हतं. हैबतीनं असं वल्हं मारलं की सात मिनिटांत आम्ही पलीकडे. म्हणजे तो दमलेला नव्हता. मी वहीत म्हसोबाच्या डोहावर काट मारली.

सातवा डोह त्याचा स्वतःचा. तिथेही वल्हं चाललं. आम्ही एका सपाट खडकावर होडी लावून भाकरी सोडली. त्याच्या फडक्यात वाळल्या मासळीची चटणी होती. मी माझा डबा उघडला, तसा त्यानं आत डोकावून बघितलं.

"मासळी चालत न्हाई," तो म्हणाला, "आन मासळीची यादी चालती."

मी हसलो. तोही हसला. मग त्यानं कांदा फोडून अर्धा मला दिला. मी विचारलं, डोह चांगला आहे का. तो म्हणाला, पावसाळ्यात चांगला. दुष्काळात तळ दिसला होता, चिखलात म्हशी बसायच्या. त्या वर्षी तो रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. डाव्या हाताचं एक नख तिथेच गेलं, ते त्यानं दाखवलं.

दुपारनंतर ऊन पाण्यावरून सरळ डोळ्यांत यायला लागलं. आठवा, नववा, दहावा, अकरावा, बारावा. नावं, हद्दी, माणसं. हैबती सांगत होता आणि मी लिहीत होतो, आणि आपण बरं काम करतोय असं मला वाटायला लागलं होतं. मला असं क्वचितच वाटतं, म्हणून ते लक्षात राहिलं.

साडेतीनला आम्ही एका मोठ्या डोहात शिरलो. उजव्या हाताला काळ्या खडकाची भिंत सरळ पाण्यात उतरली होती आणि पाणी हिरवट, जवळजवळ काळं होतं. मी पेन उघडून थांबलो. हैबती काही बोलेना.

"या डोहाचं नाव?"

"वाघडोह."

"वहिवाट कुणाची?"

"कुणाची न्हाई."

मी वहीत वाघडोह लिहिलं आणि काट मारण्यासाठी पेन टेकवलं. तेवढ्यात लक्षात आलं, की वल्ह्याचा आवाज नाहीये. मी मागे वळून बघितलं. वल्हं हैबतीच्या मांडीवर आडवं होतं. त्याच्या टोकावरून पाणी ठिबकत होतं, तेही आत, होडीत. होडी धारेनं नेईल तशी चालली होती.

पेन तसंच हातात राहिलं.

डोहाच्या शेवटाजवळ काठावर एक माणूस जाळं पसरून बसला होता. आम्हांला बघून तो उभा राहिला. हैबतीचेच खांदे, तीच पुढे आलेली हनुवटी, फक्त दहा-बारा वर्षांनी तरुण. तो होडीकडे बघत राहिला. हैबती समोर बघत होता. आम्ही त्याच्यापासून तीस-चाळीस हातांवरून गेलो, पण दोघांपैकी कुणी हाकही मारली नाही. त्या डोहाला चाळीस मिनिटं लागली.

राजुरीला पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. जीपचा ड्रायव्हर मुलाणी घाटावर विडी ओढत उभा होता. तो त्याच भागातला, सगळ्यांना ओळखणारा. हैबती होडी ओढून खुंट्याला बांधायला लागला आणि मी जीपच्या बॉनेटवर तक्ते मांडले. हळू आवाजात मुलाणीला विचारलं, वाघडोह कुणाचा?

"गेनू मल्लावचा," तो लगेच म्हणाला. "ह्याचाच सख्खा धाकटा भाऊ. का, सांगितलं नाही त्यानं?"

मग त्यानंच सगळं सांगितलं. बापाचे डोह दोन. बाप गेल्यावर पंचांनी चिठ्ठ्या टाकल्या. वाघडोह गेनूला गेला. हैबती म्हणाला, चिठ्ठ्यांत काहीतरी केलं. तेव्हापासून नऊ वर्षं दोघं बोलत नाहीत. दुष्काळात हैबतीचा डोह आटला, वाघडोह आटत नाही. गेनूनं निरोप धाडला होता म्हणतात, की दादा, इकडे जाळं टाका. हैबती गेला नाही, खडी फोडायला गेला.

"यादीत नाव नसलं तर गेनूचं काय?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? त्याला दुसरं काही येत नाही. जाईल मजुरीला."

मी लिहायला लागलो. अकरा डोहांपर्यंत हात व्यवस्थित चालला. मग थांबला. नियम साधा होता. माहिती देणारा जे सांगेल ते लिहायचं. याद्या नंतर चावडीवर लागणार होत्या आणि हरकतीला पंधरा दिवस होते. पण नदीकाठच्या माणसांनी चावडीवरचा कागद वाचल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. काय योग्य ते मला तेव्हा कळलं होतं असं मी म्हणणार नाही. मला एवढंच दिसत होतं, की या माणसानं दिवसभर एकदाही दुसऱ्याच्या डोहात वल्हं घातलं नाही आणि वाघडोहातही घातलं नाही. मी म्हसोबाचा डोह सोडून, बाराव्या ओळीवर लिहिलं, वाघडोह, वहिवाटदार गेनू रावजी मल्लाव. तेराव्या ओळीवर राजुरीचा डोह.

हैबती हात पुसत आला. आता वाचून दाखवायचं होतं.

मी वाचायला लागलो. एक ते अकरा, सावकाश. प्रत्येक नावाला तो मान हलवत होता. अकरावा झाला. बारावी ओळ डोळ्यांसमोर होती. मुलाणी माझ्याकडे बघत होता. एवढंच करायचं होतं, पाच शब्द मोठ्यानं म्हणायचे. फार तर तो नाही म्हणाला असता, ओरडला असता.

मी तेरावा वाचला.

हैबतीनं मान हलवली. मी शाईचा डबा पुढे केला, त्यानं अंगठा टेकवला, मुंडाशाच्या टोकाला पुसला. अंगठ्याखाली छापील ओळ होती: 'वरील मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर आहे.' तिच्याखाली मी सही केली. मुलाणीनं साक्षीदार म्हणून केली. येताना जीपमध्ये मी पुस्तक काढलं. उजेड संपत आलेला होता, तरी काढलं.

यादी जिल्ह्याला गेली, मंजूर होऊन आली, चावडीवर लागली. शितोळे साहेबांनी दोन लोकांसमोर माझं काम नीटनेटकं असल्याचं सांगितलं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस दुपारी शिपाई म्हणाला, बाहेर कुणी भोई आलाय, तुम्हांलाच भेटायचंय म्हणतो.

हैबती व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. मला बघून उठला. आत चला म्हटलं तर नको म्हणाला. आम्ही आवारातल्या लिंबाखाली जाऊन उभे राहिलो. त्यानं सरळ विचारलं.

"साहेब, मी गेनूचं नाव सांगितलं व्हतं का?"

मग तो सांगायला लागला. संक्रांतीच्या दिवशी गेनू घरी आला. नऊ वर्षांनी. तलाठ्यानं त्याला यादी वाचून दाखवली होती आणि सांगितलं होतं, तुझ्या थोरल्या भावानंच नाव दिलंय, हा बघ अंगठा. गेनू पाया पडला. दादा, माझंच चुकलं म्हणाला. हैबतीच्या बायकोनं चहा ठेवला. गेनूची पोरं अंगणात खेळत होती, ती हैबतीनं पहिल्यांदाच बघितली.

"त्यो रडत व्हता," हैबती म्हणाला, "आन मी वर बघत बसलो. मला वाटलं, म्हातारपनी इसरलो का काय. रोज आटवून बघतो. म्हून इचारायला आलो."

हो म्हणणं अगदी सोपं होतं. हो म्हटलं असतं तर तो परत गेला असता आणि सगळं तसंच राहिलं असतं, त्याचंही, माझंही. आयुष्यात मी बहुतेक वेळा असंच केलं आहे. त्या दिवशी का केलं नाही, मला सांगता येणार नाही.

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही कुणाचा नाही म्हणालात. नाव मी लिहिलं. वाचताना ती ओळ मी गाळली."

तो माझ्याकडे बघत राहिला.

"मला तवा वाटलं, कुनाचा न्हाई म्हून तुमी लिवलाच न्हाई."

"तुम्ही वल्हं वर घेतलं होतं," मी म्हणालो.

"त्ये हातानं. तोंडानं न्हाई म्हनलो व्हतो."

शिपाई खिडकीतून बघत होता. मी खाली बघितलं. हैबतीचा आवाज चढला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"तुमी वाचून दावायला पायजे व्हतं."

"वाचलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हनलो असतो."

"मग त्याचं नाव राहून गेलं असतं."

"ऱ्हायलं असतं," हैबती म्हणाला. "त्ये पाप माजं व्हतं. आता ह्ये पुन्य काय माजं न्हाई. त्यो माज्या पाया पडला, आन मी तर कायबी केलं न्हाई. हितनं फुडं तो यील, पोरं येतील, आन दरवक्ताला मी त्येच खोटं खात बसू का?"

नाव लिहिलं ते बरोबर होतं असं मी अनेकदा स्वतःला सांगतो, आणि ते पटतंही. पण ती ओळ गाळली ते भीतीपोटी. एकाच कागदावर दोन्ही आहे.

हैबती म्हणाला, आता लिहून घ्या. मी म्हटलं, यादी मंजूर झाली, तिच्यात आता काही घालता येणार नाही, आणि घालायची गरजही नाही, नाव आहेच. तो म्हणाला, तुमच्या यादीसाठी नाही. मग मी आत जाऊन एक कोरा कागद आणि शाईचा डबा आणला. लिंबाच्या पाराला टेकून, गुडघ्यावर ठेवून लिहायला बसलो. त्यानं उभ्यानं सांगितलं, एकेक शब्द थांबत.

"वाघडोह. वहिवाट गेनू रावजी मल्लाव याची. त्यो माजा धाकटा भाऊ. ह्ये मी आपल्या तोंडानं सांगतो."

मी लिहिलं. मग मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळं. खिडकीत आता शिपायाशेजारी आणखी एक डोकं आलं होतं. हैबतीनं मान हलवली.

तारीख घालताना मी थांबलो. मला वाटलं, निदान एवढं तरी आपल्या हातात आहे. मी म्हणालो, "त्या दिवशीची घालू का? यादीची? कुणाला कळायचं नाही."

"आजची घाला."

मी आजची घातली. त्यानं अंगठा उमटवला, शाई वाळेपर्यंत कागद हवेत धरला आणि घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. मी विचारलं, कुठे नेताय. गेनूकडं, तो म्हणाला.

"पण गेनूला वाचता येत नाही ना?"

"न्हाई."

"मग?"

हैबती माझ्याकडे बघत राहिला. कागद त्याच्या खिशात होता, तो काढून पुन्हा माझ्या हातात द्यायची त्याला गरज वाटली नाही. तो फाटकाकडे चालायला लागला आणि फाटकाशी जाऊन उभा राहिला.

मी आत गेलो. न बोलावता शितोळे साहेबांच्या टेबलासमोर मी त्याआधी कधी उभा राहिलो नव्हतो. मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि कारण विचारलं.

"एक कागद वाचून दाखवायचा राहिलाय," मी म्हणालो.